कुंपण निघाले, बुडखे राहिले
बंगल्यांच्या बागांतील कामाचा सौदा करण्यापूर्वी विचारात घेण्याच्या गोष्टी

पुण्याहून पौड रस्त्याने मुळशीकडे निघाले की दोन्ही बाजूंना बंगले आणि फार्महाऊसच्या वसाहती दिसू लागतात. भुकूम, पिरंगुट, पौड आणि पुढे धरणाच्या बाजूला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अशी वस्ती सारखी वाढत गेली. सुरुवातीला ज्यांनी प्लॉट घेतले त्यांनी तारेच्या कुंपणाला लागून मेंदी, डुरांटा, सुरू, विलायती चिंच किंवा गिरीपुष्प लावले. त्या वेळी हेच कुंपण स्वस्त पडत होते. आता मालक बदलले, पुढची पिढी आली. कोणाला दगडी भिंत हवी आहे, कोणाला गाड्यांसाठी जागा हवी आहे, कोणाला दरवर्षीच्या छाटणीचा कंटाळा आला आहे. त्यामुळे जुनी हिरवी कुंपणे काढण्याची कामे या भागात वरचेवर निघतात.

ही कामे कोण करतो? वखारवाले, लाकूडतोडे, सुतारकाम करणारे, बांधकामाचे छोटे ठेकेदार, नर्सरीवाले आणि जेसीबी भाड्याने देणारे. आमच्या वाचकांपैकी अनेकजण या ना त्या नात्याने या धंद्यात आहेत. काम दिसायला सोपे आहे, पण पुष्कळांचे हात याच कामात पोळतात. त्याचे कारण जमिनीच्या वर दिसत नाही. ते जमिनीखाली असते.

एका सौद्याची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका तरुण ठेकेदाराने पिरंगुटच्या बाजूला दोनशे फूट लांबीचे मेंदीचे कुंपण काढण्याचे काम ठरवून रकमेत घेतले. वरचे काम चार माणसांनी दोन दिवसांत आटोपले. फांद्या टेम्पोत भरून गेल्या. ठेकेदार हिशेब मागायला गेला तेव्हा मालक म्हणाले, "अजून काम अर्धेच झाले आहे. इथे भिंतीचा पाया घ्यायचा आहे. हे बुडखे कोण काढणार?" ठेकेदाराच्या मते "कुंपण काढणे" म्हणजे जमिनीलगत तोडणे. मालकाच्या मते तेच "काढणे" म्हणजे मुळासकट उपटणे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते, पण सौद्यात एक शब्द कमी पडला होता.

शेवटी नाव खराब होऊ नये म्हणून त्याने बुडखे काढून दिले. दर फुटाला एक याप्रमाणे दोनशे बुडखे होते. दोन माणसांची जोडी दिवसभरात वीसच्या आसपास बुडखे काढू शकत होती. म्हणजे जोडीला दहा दिवस, एकूण वीस मजुऱ्या. वरच्या कामाला आठ मजुऱ्या लागल्या होत्या आणि पैसे तेवढ्याच कामाचे ठरले होते. नफा तर गेलाच, वर पदरचे पैसे गेले.

त्या कामावर लाकूडतोडीत आयुष्य घालवलेले एक वयस्कर चाचा होते. ते त्याला म्हणाले, "बेटा, सौदा करताना तू कुंपण वरून बघितलंस. एका जागी उकरून बघायला पाहिजे होतंस."

"चाचा, वर तर मनगटाएवढीच खोडं दिसत होती."

"वर मनगटाएवढीच दिसणार. वीस वर्षं दर पावसाळ्यात छाटलंय ते. छाटून छाटून बुडखा जाड होतो. एकाची मुळं दुसऱ्यात गुंतलेली असतात."

चाचांच्या या बोलण्यात सगळ्या धंद्याचे सार आहे. म्हणून हा विषय आम्ही थोडा विस्ताराने मांडत आहोत.

झाड कोणते ते आधी ओळखावे

सगळे बुडखे सारखे नसतात. काही झाडे जमिनीलगत तोडली की मरतात, तर काही दुप्पट जोमाने फुटतात. दर ठरवण्यापूर्वी हे ओळखता आले पाहिजे.

सुरू आणि मोरपंखी ही झाडे खाली तोडल्यावर सहसा पुन्हा फुटत नाहीत. त्यांचे बुडखे जागीच ठेवले तरी फुटव्यांचा त्रास होत नाही. मात्र सुरूचे लाकूड कठीण आणि जड असते, त्यामुळे ते लवकर कुजत नाही.

मेंदी, डुरांटा, कण्हेर, बोगनवेल, सुबाभूळ, गिरीपुष्प, विलायती चिंच आणि निलगिरी ही सगळी फुटणारी झाडे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर ती तोडून ठेवली तर ऑगस्टमध्ये त्या जागी पुन्हा हिरवी रांग उभी राहते आणि मालकाचा फोन येतो. गिरीपुष्प आणि मोगली एरंड यांच्या ओल्या फांद्या जमिनीवर पडून राहिल्या तरी त्यांना मुळे फुटू शकतात. त्यांचा ढीग त्या जागी पावसाळ्यात ठेवू नये.

बांबूचे कुंपण असेल तर प्रकार आणखी वेगळा असतो. तिथे बुडखा नसतो, जमिनीखाली कंदाचे जाळे असते. वरचे बांबू कितीही तोडले तरी कंद जिवंत असेपर्यंत कोंब येत राहतात. बांबूच्या बेटाचा दर कधीही फुटाच्या हिशेबाने धरू नये. बेटाचा घेर पाहून तो वेगळा ठरवावा.

काही झाडांपासून जपलेही पाहिजे. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. तिचा पाला बकऱ्यांच्या तोंडी लागता कामा नये आणि तिचे लाकूड चुलीत किंवा शेकोटीतही घालू नये. शेराच्या कुंपणाचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा निकामी होण्याची भीती असते. शेर तोडताना चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणालाही कामाला लावू नये. चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा आणि डॉक्टरकडे जावे. घरगुती उपाय करीत बसू नये.

हद्द आणि परवानगी

कुंपण हे बहुतेक वेळा दोन प्लॉटांच्या हद्दीवर असते. पुष्कळ ठिकाणी मूळ दगड बुजलेले असतात आणि झाडांची रांग हीच हद्दीची एकमेव खूण उरलेली असते. ती रांग मुळासकट निघाली की शेजाऱ्यांत वाद सुरू होतो. वादात पहिले नाव येते ते काम करणाऱ्याचे. हद्दीच्या खुणा नष्ट करणे हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे दंडास पात्र असलेला प्रकार आहे. म्हणून बुडखे उपटण्यापूर्वी मालकाकडून मोजणीचा नकाशा पाहावा. खुणा दिसत नसतील तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यायला सांगावे. ते होत नसेल तर निदान दोन्ही शेजाऱ्यांसमोर रांगेच्या दोन टोकांना लोखंडी गज ठोकून फोटो काढून ठेवावेत.

दुसरा प्रश्न परवानगीचा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, चंदन, हिरडा, मोह, ऐन, किंजळ, अंजन इत्यादी सोळा प्रकारची झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मेंदी किंवा डुरांट्याच्या कुंपणाला हा कायदा सहसा आड येत नाही. पण जुन्या कुंपणात पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून एखादे जांभूळ, एखादा आंबा उगवून मोठा झालेला असतो. तो रांगेबरोबर तोडला गेला की गुन्हा होतो. विलायती चिंच आणि आपली खाण्याची चिंच ही दोन वेगळी झाडे आहेत, हेही मजुरांना नीट दाखवून द्यावे.

शहरी भागासाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक ही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. तेथे वृक्षतोडीसाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावे लागते. पूर्वी ग्रामपंचायतीत विचारून काम करण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी हा बदल ध्यानात ठेवावा. लाकूड टेम्पोत भरून नेण्यापूर्वी त्या झाडाला वाहतूक परवाना लागतो किंवा कसे, हेही वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. एक चौकशी चुकली तर जप्त झालेल्या टेम्पोचे भाडे कोणी भरून देत नाही.

तोडतानाच पुढचा विचार

आमच्या पाहण्यात आलेली सर्वांत मोठी चूक म्हणजे खोड अगदी जमिनीलगत तोडणे. काम नीटनेटके दिसते खरे, पण पुढे बुडखा उपटायला हाताशी काही राहत नाही. बुडखा काढायचाच असेल तर खोड तीन फूट उभे ठेवावे. तेच तरफेचे काम करते. त्याला दोर किंवा साखळी बांधून हलवता येते, चहूबाजूंनी ढकलून मुळे सैल करता येतात.

बुडखा काढायचा नसेल तर मात्र उलट करावे. तो जमिनीच्या पातळीपासून दोन-चार इंच खाली जाईल असा तोडावा, म्हणजे वरून माती टाकता येते आणि कोणाला ठेच लागत नाही. जमिनीतून तीन-चार इंच वर आलेले टोकदार खुंट ठेवणे हे सर्वांत वाईट. अंधारात मुले पडतात, गवत कापण्याच्या यंत्राचे पाते तुटते आणि दोष ठेकेदारावर येतो.

काढण्याच्या चार रीती

पहिली रीत पहार, टिकाव आणि कुऱ्हाडीची. बुडख्याभोवती फूट-दीड फुटावर गोल चर खणावा, माती बाजूला काढावी, उघडी पडलेली आडवी मुळे एकेक करून तोडावीत आणि मग खोड हलवावे. मुळशीच्या बऱ्याच भागात मातीचा थर पातळ असून खाली मुरूम आणि काळा दगड लागतो. अशा जमिनीत मुळे खोल न जाता आडवी पसरतात. त्यामुळे खोल खणण्यापेक्षा रुंद खणणे फायद्याचे ठरते. मातीत गेलेल्या मुळावर चांगली कुऱ्हाड किंवा चेन सॉ चालवू नये. खड्यांनी धार लगेच जाते आणि साखळी तुटण्याचा धोका असतो. या कामाला जुनी कुऱ्हाड वेगळी ठेवावी आणि मुळावरची माती ब्रशने झाडून किंवा पाण्याने धुऊन मगच घाव घालावा.

दुसरी रीत चेनपुलीची. रांगेतले बुडखे बारीक असतील तर दोन टनी चेनपुली पुष्कळ काम करते. तिला टेकू भक्कम हवा. मालकाची भिंत, विजेचा खांब किंवा जिवंत झाड यांना साखळी बांधू नये. त्याच रांगेतला पुढचा न काढलेला बुडखा टेकू म्हणून वापरावा आणि रांग एका टोकापासून काढत जावे. ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. साखळी निसटली तर पाय मोडतो, प्रसंगी जीवही जातो.

तिसरी रीत जेसीबीची. लांब रांग, मोकळी जागा आणि पुढे पाया खणायचाच असेल तर जेसीबी सर्वांत स्वस्त पडतो. जोडीला दहा दिवस लागणारे काम मोकळ्या जागेत तो एका दिवसात करू शकतो. पण तासाचा दर ठरवताना येण्याजाण्याचा वेळ कोणाचा, हे आधी बोलून घ्यावे. कुंपणाच्या कडेनेच पाण्याची पाइपलाइन, विजेची केबल, फोनची तार आणि कधी कधी सांडपाण्याची टाकीही असते. मालकाला किंवा जुन्या माळ्याला विचारून त्या जागी चुन्याची रेघ मारून घ्यावी. जिथे खात्री नाही तिथे आधी हाताने खणून पाहावे. शेजाऱ्याची जुनी दगडी भिंत कुंपणाला लागून असेल तर मोठ्या मुळाबरोबर तिचा पायाही उचकटतो. तिथे मूळ तोडून घेऊन मगच बुडखा उचलावा.

चौथी रीत ग्राइंडरची. या यंत्राला फिरते दातेरी चाक असते आणि ते बुडख्याचा जागच्या जागी भुसा करते. हिरवळ, फरशी आणि पाइप यांच्यामधले बुडखे काढायला ते सोयीचे आहे, कारण मोठा खड्डा पडत नाही. पण ते मुळे काढत नाही, फक्त वरचा भाग खाऊन टाकते. भिंतीचा पाया घ्यायचा असेल तर त्याचा उपयोग नाही. खडकाळ जमिनीत दाते लवकर झिजतात, हे भाड्याचा दर ठरवताना ध्यानात घ्यावे. चाकाखालून दगड उडतात. म्हणून चष्मा हवा आणि जवळपास माणसे नकोत.

मोसमाचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत इथला मुरूम दगडासारखा होतो, पहार उसळते. जुलैत भाताची लावणी असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, तेव्हा गावातले मजूर मिळत नाहीत. भात निघाल्यावर, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ सर्वांत चांगला. जमिनीत ओल असते, चिखल नसतो आणि माणसेही मोकळी असतात. उन्हाळ्यात काम करणे भागच असेल तर आदल्या दोन दिवशी संध्याकाळी बुडख्यांभोवती पाणी सोडावे.

जुन्या कुंपणाच्या बुडाशी बिळे असतात आणि बिळांत साप असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी जाती आपल्या भागात आढळतात. हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे आणि मजुरांना बूट द्यावेत. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता, जखम न कापता आणि घट्ट दोरी न बांधता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठावे.

जागीच ठेवायचे असतील तर

प्रत्येक बुडखा काढलाच पाहिजे असे नाही. पुढे तिथे बांधकाम नसेल आणि मालकाला घाई नसेल तर बुडखे जागीच मारणे कमी खर्चाचे असते.

यातली सर्वांत साधी रीत म्हणजे फुटवे खुडणे. झाडाच्या मुळात साठवलेले अन्न असते. प्रत्येक नवा फुटवा त्या साठ्यातून येतो आणि पाने मोठी झाली की ती साठा पुन्हा भरू लागतात. म्हणून फुटवे बोटभर झाले की, पाने पक्की होण्याआधीच मोडून टाकावेत. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी असे करीत राहिले तर एक-दोन मोसमांत बहुतेक बुडखे थकून मरतात. मध्येच दोन महिने दुर्लक्ष झाले तर आधीची मेहनत वाया जाते. हे काम माळी करू शकतो. ठेकेदाराने ते वार्षिक देखभालीच्या करारात घेतले तर त्यालाही नियमित उत्पन्न होते.

बुडख्यावर जाड काळे प्लॅस्टिक घालून कडा मातीने दाबल्या तर उजेड मिळत नाही आणि फुटवे जगत नाहीत. रांग छोटी असेल तर ही रीत चांगली आहे.

बुडखा कुजवायचा असेल तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि नत्र. मेलेल्या बुडख्यात ड्रिलने इंचभर रुंद आणि सहा ते आठ इंच खोल छिद्रे पाडावीत. त्यांत शेणकाला आणि थोडा युरिया भरून वरून माती व पालापाचोळा टाकावा. ताम्हिणीच्या बाजूला पाऊस प्रचंड आहे आणि पिरंगुटकडे येता येता तो कमी होत जातो. त्यामुळे कुजण्याचा वेगही सगळीकडे सारखा राहत नाही. मऊ लाकूड लवकर जाते, सुरूला कित्येक वर्षे लागू शकतात. "सहा महिन्यांत मातीत मिसळेल" असे वचन ग्राहकाला देऊ नये. घराच्या भिंतीजवळचे बुडखे मात्र कुजत ठेवू नयेत. तिथे वाळवी लागते आणि पुढे चौकटीपर्यंत पोचते.

मीठ, रॉकेल आणि औषध

बुडखा मारायला खडे मीठ ओतण्याची सूचना पुष्कळजण करतात. झाड मरते, पण मीठ जमिनीत राहते आणि त्या जागी पुढे काही उगवत नाही. आपल्या पावसात ते वाहून शेजाऱ्याच्या बागेत किंवा विहिरीत जाते. शिवाय मिठामुळे लाकूड कुजत नाही, उलट टिकते. रॉकेल, जुने ऑइल आणि तेजाब यांचेही तसेच. या पाण्यावर पुढची गावे अवलंबून आहेत. असले काम ग्राहकाने सांगितले तरी करू नये.

तणनाशकाचा प्रश्न जरा वेगळा आहे. ग्लायफोसेट ताज्या कापलेल्या खोडाच्या बाहेरच्या कड्यावर, सालीच्या लगत लावले तर ते मुळापर्यंत जाते. खोड वाळल्यावर लावले तर उपयोग होत नाही. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला होता. त्यामुळे सध्याचा नियम कृषी विभागाकडे विचारल्याशिवाय हे औषध स्वतः वापरू नये आणि मजुराच्या हाती तर देऊच नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले, हे विसरता येत नाही. एका रांगेतली मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. त्यामुळे ठेवायच्या झाडालाही औषध लागण्याचा धोका असतो, हे वेगळेच.

बुडखा जाळणे हा मार्ग मुळशीत धोक्याचा आहे. वर आग विझलेली दिसली तरी मुळातून ती दिवसेंदिवस धुमसत राहते. फेब्रुवारी ते मे या काळात डोंगरांवरचे गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने वणवा पेटतो. ताम्हिणीला २०१३ पासून अभयारण्य आहे. तिथवर आग गेली तर प्रकरण साधे राहत नाही.

निघालेल्या मालाचे काय?

बुडखे म्हणजे कचरा असे समजून पुष्कळजण ते फेकण्यासाठी उलट पैसे मोजतात. थोडी निवड केली तर त्यातून खर्चाचा काही भाग निघतो.

सुरूचे लाकूड जळणाला उत्तम असते. त्याचे बुडखे माती झटकून, फोडून एक उन्हाळा वाळवले तर गिऱ्हाईक मिळते. मात्र बेकऱ्यांच्या भट्ट्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी सावध राहावे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या नव्या बेकऱ्यांना मंजुरी देऊ नये असे निर्देश दिले. इतर शहरांतही वारे त्याच दिशेने वाहू शकते.

मेंदीचे लाकूड बारीक पण चिवट असते. हत्यारांच्या मुठींना ते चालते. बुडख्याच्या गाठीत सुंदर रेषा असतात आणि कातकाम करणारे कारागीर त्यातून वाट्या, डब्या, मुठी करू शकतात. असा तुकडा लगेच उन्हात टाकू नये, तडे जातात. दोन्ही टोकांना मेण किंवा जुना रंग लावून सावलीत सावकाश वाळवावा. खाटीक बांधवांना लागणारा चिंचेचा ओंडका मात्र कुंपणाच्या कामातून सहसा मिळत नाही. कोणी देऊ केला तर झाडाच्या तोडीची परवानगी आधी पाहावी.

गिरीपुष्प आणि सुबाभळीचा पाला बकऱ्यांना चालतो, पण थोडा थोडा, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून. केवळ सुबाभूळ घालत राहिले तर जनावरांना अपाय होतो. ग्राइंडरचा ओला भुसा लगेच मातीत मिसळू नये. कुजताना तो मातीतले नत्र ओढून घेतो आणि नवी रोपे पिवळी पडतात. तो शेणासोबत वर्षभर कुजवून मग खत म्हणून वापरावा किंवा झाडांभोवती वरून पसरावा.

खड्डा भरताना माती एकदम लोटू नये. सहा-सहा इंचांचे थर देऊन धुम्मसाने ठोकावी आणि वर थोडा उंचवटा ठेवावा. पहिल्या पावसाने ती बसते. तुटलेली मुळे खड्ड्यात टाकून माती लोटली तर दोन वर्षांनी जमीन खचते आणि त्यावर घातलेली फरशी तडकते. भिंत बांधायची असेल तर पाया त्या भरावावर न घेता खाली पक्क्या मुरुमापर्यंत न्यावा.

सौदा कसा करावा?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कुंपणाच्या कामाचा दर एकरकमी न सांगता पाच भागांत सांगावा: वरची तोड फुटाच्या हिशेबाने, बुडखे नगाप्रमाणे, खड्डे भरणे, माल उचलणे आणि फुटवे आल्यास त्यांची देखभाल. बुडखे मोजून, त्यांची जाडी पाहून बारीक, मध्यम आणि मोठे असे तीन दर करावेत. दर सांगण्यापूर्वी मालकाच्या परवानगीने एक मधला आणि एक कोपऱ्यातला बुडखा उकरून पाहावा. त्याला लागलेला वेळ घड्याळात मोजावा आणि त्यावरून बाकीचा अंदाज बांधावा. खाली दगड लागला तर काय, पाइप फुटला तर कोणाचा खर्च, निघालेले लाकूड कोणाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर घ्यावीत. वहीच्या एका पानावर दोघांच्या सह्या झाल्या तरी पुरे.

ग्राहकालाही खरे ते सांगावे. त्याला हिरवळ हवी असेल आणि सुरूची रांग असेल तर सगळे बुडखे उपटण्याची गरज नाही, ते खाली तोडून माती टाकली तरी चालते, असे स्वतःहून सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी चार पैसे कमी मिळतात. पण बंगल्यांच्या वसाहतीत एकाचे काम पाहून दुसरा बोलावतो.

वर ज्या तरुण ठेकेदाराचा उल्लेख केला तो आजही हेच काम करतो. आता तो सौद्याला जाताना एक पहार, मोजपट्टी आणि पावतीपुस्तक बरोबर नेतो. पहिला बुडखा उकरल्याशिवाय तो दर सांगत नाही. काही ग्राहक कंटाळून दुसऱ्याकडे जातात. पण त्या कामानंतर पदरचे पैसे घालून त्याने एकही काम पुरे केलेले नाही, असे त्याने आम्हांला सांगितले.